निळ्या फितीची मोटार

थॉर्नहोप, डरहॅम
२८ ऑक्टोबर १९५१

प्रिय अर्नी,

हुजूर पक्ष निवडून आला हे तुला रेडिओवर कळलंच असेल. आमच्या गल्लीत मात्र त्याचं कुणाला काही पडलेलं नाही. इथं एकच विषय आहे: राल्फ नॅट्रस हुजुरांच्या निळ्या फितीच्या मोटारीत बसून मत द्यायला गेला. आपले बाबा, अर्नी. दुसरा राल्फ नॅट्रस या गावात नाही.

तू म्हणशील, त्यात काय एवढं? आपल्या लहानपणी अख्खं गाव हुजुरांच्या मोटारीतून शाळेपर्यंतचा चढ चढायचं. त्यांचं पेट्रोल जाळायचं आणि मत मजूर पक्षाला टाकून चालत खाली यायचं. आई तर शेजारच्या बेला टुलिपला घेऊन दोन-दोन फेऱ्या मारायची, नुसती हौस म्हणून. पण ते दिवस गेले. कोळशाच्या खाणी सरकारच्या झाल्यापासून युनियनचा बाणा वेगळा आहे. उन्हाळ्यात सभेत हात वर करून ठरलं की आता हुजुरांच्या मोटारीचं मिंधेपण नको. चालवेल त्यानं चालावं, नाही चालवत त्याला आपण खुर्चीत बसवून नेऊ. त्या सभेत पहिला हात बाबांचा होता.

बाबांना आता चढ चढवत नाही, म्हणून त्यांना न्यायला संध्याकाळी टॉमी हेस्लॉप येणार होता, युनियनचा चिटणीस स्वतः, आणखी तिघांना घेऊन. मी दुकानात होते. दुपारीच डॉक्टरांचा ड्रायव्हर पर्सी लिडल मोटार घेऊन दारात उभा. पुढे हे एवढं निळ्या फितीचं फूल. बेलानं खिडकीतून पाहिलं. पर्सी गल्लीतूनच ओरडला, "चला मिस्टर नॅट्रस, आमच्या यादीत आहात तुम्ही!" बाबा दारात आले. बेलाला वाटलं, आता पर्सीची खैर नाही. पर्सी पुढं काहीतरी बोलायला लागला, तेवढ्यात बाबांनी हात वर करून त्याला थांबवलं आणि सरळ जाऊन मोटारीत बसले. डोक्यावर टोपी नाही, गळ्यात मफलर नाही. परसात कोंबड्यांना दाणे टाकायलासुद्धा टोपी घालून जाणारा माणूस तो.

संध्याकाळी हेस्लॉप खुर्ची घेऊन आला. बाबा चुलीपाशी बसले होते. म्हणाले, "मी देऊन आलो, टॉमी." हेस्लॉप तसाच खुर्ची धरून उभा. मग म्हणाला, "असं ऐकलं खरं," आणि रिकामी खुर्ची घेऊन गेला.

मी विचारलं, का बसलात? म्हणाले, "माझं मत माझं आहे." मी म्हटलं, मताचं कोण विचारतंय, मोटारीचं विचारतेय. तर तोंड फिरवून बसले. तू विचारून बघ. तुझं ऐकतात.

तुझी,
हिल्डा


रेडिंग
४ नोव्हेंबर १९५१

प्रिय ताई,

तुझं पत्र वाचून आधी मला हसूच आलं. बाबा आणि निळी फीत! अगं, त्यांची ती फुफ्फुसं, तो चढ आणि ऑक्टोबरातला वारा. दारात मोटार आली, बसले. खुर्चीत बसून वरातीसारखं जायची त्यांना लाज वाटली असेल. तुला ठाऊक आहे ना त्यांचा स्वभाव? आजारी माणूस म्हणून कुणी हात धरला तरी हिसडा देतात.

सभेत असं काही ठरलंय हे मला ठाऊक नव्हतं. तू कधी लिहिलं नाहीस. मला वाटत होतं, अजूनही सगळे पूर्वीसारखेच हसत-खिदळत मोटारीत बसतात.

महिनाभरात लोक विसरतील. त्यांना दुसरा विषय मिळेल. घरी म्युरिएल म्हणते, गल्ली म्हटली की असं चालायचंच. आमच्याकडे गल्ली नाही, प्रत्येकाचं कुंपण आहे, त्यामुळे कोण कुठल्या मोटारीत बसतं ते कुणी बघत नाही. कारखान्यात मला मुकादम केलं, हे मागच्या पत्रात लिहिलं होतं का? बाबांना सांग.

एक विचारू? पर्सी आणखी काय बोलत होता ते बेलानं ऐकलं का? सहज विचारतोय.

तुझा,
अर्नी


थॉर्नहोप
९ डिसेंबर १९५१

प्रिय अर्नी,

विसरतील म्हणालास. तू दक्षिणेत जाऊन फार वर्षं झाली रे.

क्लबात बाबांच्या नेहमीच्या बाकावर कुणी बसत नाही. म्हणजे ते गेले की बाकीचे उठतात. भांडण नाही, शिवी नाही. डॉमिनोचे तुकडे गोळा करतात आणि दुसऱ्या टेबलावर नेतात. बाबा दोन आठवडे हट्टानं जात राहिले. बिअरचा ग्लास पुढ्यात घेऊन भिंतीकडे बघत बसायचे आणि घरी यायचे. आता जात नाहीत. म्हणतात, धुरानं खोकला येतो. त्या क्लबाची पहिली वीट ज्यांनी रचली त्यांत ते होते.

दुकानात माझ्याशी सगळे बोलतात, पण चहा, साखर आणि रेशनकार्ड एवढंच. बेला टुलिप कुंपणाशी येते आणि मला बघून आत जाते. घर फिरलं की वासे फिरतात म्हणतात, ते काही खोटं नाही.

आणि मागच्या मंगळवारी कोळसा आला. तुला आठवतं ना, खाणीची गाडी मागच्या गल्लीत दारासमोर ढीग ओतून जाते. आपल्या गल्लीत दम्याच्या माणसाचा कोळसा त्यानं स्वतः कधी उचललेला नाही. शेजारचे चौघे फावडी घेऊन येतात, पंधरा मिनिटांत ढीग आत. आभारसुद्धा मानायचे नसतात. तो ढीग दुपारपर्यंत तसाच पावसात. पडद्यांमागे माणसं होती, मला दिसत होती. बाबा फावडं घेऊन निघाले. मी हिसकावून घेतलं आणि एकटी उपसायला लागले.

मग फावड्याचा दुसरा आवाज आला. वळून बघते तर मॅटीकाका.

हो, तोच. बाबांचा सख्खा भाऊ. सव्वीस सालच्या संपात लेकीला घटसर्प झाला म्हणून संप मिटायच्या आधी कामावर गेला, आणि लेक गेलीच. तेव्हापासून गावानं त्याला वाळीत टाकलंय, आणि त्याच्या अंगणात 'संपफोड्या' म्हणून पहिला दगड ठेवला तो आपल्या बाबांनी. पंचवीस वर्षं दोघं एका रस्त्यानं गेले तर एक पलीकडच्या बाजूला जातो.  त्यानं ढीग आत टाकला, फावडं पुसलं. बाबा दारात आले. मला वाटलं, आता हाकलतात. म्हणाले, "चहा टाक हिल्डा. दोन कप."

आता तो रोज येतो. दोघं चुलीपुढे बसतात. पहिले काही दिवस तर नुसते बसायचे.

बाबांना एकच भीती आहे, ती त्यांनी मला कधी सांगितली नाही, पण मी ओळखते. युनियनचं निशाण त्यांच्या मयताला येईल का? खाणीत मेलेल्या कितीजणांच्या पुढं त्यांनी ते निशाण काळी पट्टी बांधून स्वतः धरलंय. परवा आईच्या फोटोला म्हणत होते, "तुझ्या वेळी बँड चांगला वाजला हं." मी स्वयंपाकघरात होते. एप्रनचं टोक तोंडात कोंबून उभी राहिले.

नाताळला ये. तू आलास की लोक जरा नरमतील. तू सगळ्यांचा लाडका होतास.

हिल्डा


थॉर्नहोप
१३ डिसेंबर

अर्नी,

हे हिल्डाला न सांगता लिहितोय. मॅटी टपालात टाकेल. हो, मॅटी. हसू नकोस.

नाताळला येऊ नकोस. बर्फ आहे, गाड्या वेळेवर नाहीत, असं काहीतरी हिल्डाला कळव.

तो पर्सी लिडल मूर्ख माणूस आहे, पण वाईट नाही. गल्लीत उभा राहून म्हणतो, "मिस्टर नॅट्रस, तुमच्या अर्नीनं रेडिंगच्या आमच्या कचेरीतून—" पुढचं मी त्याला बोलू दिलं नाही. बेलाची खिडकी उघडी होती. दारात उभा राहिलो असतो तर त्यानं सगळं वाचून दाखवलं असतं. त्याचं तोंड बंद करायला दुसरी जागा नव्हती, म्हणून मोटारीत बसलो. आत बसल्यावर त्याला सांगितलं की माझ्या पोराचं नाव या गावात पुन्हा घेतलंस तर याद राख. तो घाबरला. घेणार नाही.

तू चांगल्या मनानं केलंस. बापाला दम लागतो म्हणून मोटार पाठवलीस. मला कळतं. तू तिकडे हुजुरांचं काम करतोस, हे मात्र मला पर्सी लिडलकडून कळलं. ते तू सांगायला हवं होतंस. मी ओरडलो असतो. पण ते आपल्या घरात राहिलं असतं.

मॅटीला मी पंचवीस वर्षं दार दाखवलं. तेव्हा मला वाटत होतं, माझा भाऊ मेला. आता तो समोर बसून चहा पितो आणि मला कळतं की तो पंचवीस वर्षं जिवंतच होता. तुझ्या बाबतीत ते करायची ताकद माझ्यात नाही. आणि गावाला करू देणार नाही. त्यांना कळलं तर तुला या गल्लीत पाय ठेवता येणार नाही, आणि पाय ठेवता आला नाही तर मग तू माझ्या मयतालासुद्धा येऊ शकणार नाहीस. म्हणून तोंड बंद ठेव. मी ठेवलंय.

मतपत्रिकेवर मी खूण कुठं केली ते विचारू नकोस. मॅटीनंही विचारलं नाही, म्हणून तर त्याच्याशी बोलतो.

मुकादम झालास ते हिल्डानं सांगितलं. खालच्या माणसांशी नीट वाग.

तुझा बाप


रेडिंग
३० डिसेंबर १९५१

प्रिय ताई,

येता आलं नाही. म्युरिएलच्या आईला बरं नव्हतं, आणि तिकडे बर्फही होतं म्हणतात. बाबांसाठी लोकरीचा मफलर पाठवलाय, चांगल्या दुकानातला आहे. आणि तुझ्यासाठी हातमोजे.

मॅटीकाका येतो हे वाचून बरं वाटलं. निदान एवढं तरी चांगलं झालं. माणसानं कधीतरी जुनं सोडून द्यायला हवं. गावानंही. कुणी कुणाला मत द्यायचं हे काय रक्तातून ठरतं का ताई? रक्तगट आहे का तो?

बाबांना जास्त बोलायला लावू नकोस. त्या दिवसाबद्दल तर नकोच. त्रास होतो त्यांना.

तुझा,
अर्नी


थॉर्नहोप
१० फेब्रुवारी १९५२

अर्नी,

राजा गेला म्हणून क्लबाचा झेंडा अर्ध्यावर आहे. अख्खं गाव काळ्या फिती लावून फिरतंय. ज्याला कधी पाहिलं नाही त्याच्यासाठी. आपल्या घरात एक माणूस मरतोय, त्याच्या दाराची कडी कुणी वाजवत नाही.

डॉक्टर म्हणतात, वसंत दिसला तर दिसला.

औषध आणायला मी त्यांच्याकडे गेले होते. पर्सी अंगणात मोटार पुसत होता. मी त्याला म्हटलं, "माझ्या बापानं तुमच्या यादीत नाव कधी दिलं?" मला वाटत होतं, हुजुरांचं काम करणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी गोड बोलून गळ घातली असेल. पर्सी खाली बघायला लागला. म्हणाला, "मला शपथ घातलीय, मिस नॅट्रस." मी म्हटलं, कुणी? तर म्हणतो, "तुमच्या बाबांनी." मग मी त्याला सोडला नाही. अर्ध्या तासात सगळं बाहेर आलं, रेडिंगची कचेरी, तिथला तुझा बिल्ला, सगळं. रडायला आला होता बिचारा.

म्हणून विचारत होतास होय, पर्सी आणखी काय बोलला! सहज!

आणि मी मूर्ख. तीन महिने बाबांशी धुसफुसत होते. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर ओढणाऱ्यांत मीही होते.

घरी येऊन मी बाबांपुढे उभी राहिले. म्हटलं, उद्या मी हेस्लॉपला सगळं सांगते. त्यांनी माझा हात धरला. एवढासा हात राहिलाय त्यांचा. आईची शपथ घातली मला. म्हणाले, "पोरगा माझा आहे, निशाण युनियनचं आहे." मी काय करू? आईची शपथ मोडू?

मी सांगू शकत नाही. बाबा सांगणार नाहीत. राहिलास तू. २ मार्चच्या रविवारी युनियनची सभा आहे. बायकांना आत घेत नाहीत, तुला घेतील, तू इथं पाच वर्षं कोळसा काढला आहेस. ये. उभा राहा. म्हण की मोटार मी पाठवली, हुजूर पक्षाचा मी आहे, माझ्या बापाला काही माहीत नव्हतं. बस. एवढी तीन वाक्यं. तुला ते शिव्या देतील, कदाचित थुंकतील. तू संध्याकाळच्या गाडीनं परत जाशील. तुझं कुंपण आहे तिकडे.

कुणाला मत देतोस त्याच्याशी मला कर्तव्य नाही, हे ध्यानात ठेव. मी तुझी बहीण आहे.

हिल्डा


रेडिंग
१७ फेब्रुवारी १९५२

ताई,

मी येतो. २ मार्चला येतो.

पण एकदा माझं ऐकून घे, कारण आपल्या घरात मला कुणी कधी विचारलंच नाही. मी काही मालकांच्या ताटाखालचं मांजर झालेलो नाही. इकडे आलो तेव्हा पहिल्यांदा कुणीतरी मला विचारलं की तुला काय वाटतं. थॉर्नहोपमध्ये मला काय वाटायला हवं ते मी जन्मायच्या आधीच सभेत हात वर करून ठरलेलं होतं. मला माझं घर हवं होतं, कर्ज काढून का होईना, माझ्या नावाचं. माझ्या पोरानं खाणीत जाऊ नये असं वाटलं. बाबांनाही तेच वाटत होतं, त्यांनीच मला पाठवलं ना इथून? मग ज्या वाटेवर त्यांनी घातलं त्या वाटेनं चालत राहिलो तर मी फितूर कसा? मी धूळ सोडली ताई, माणसं सोडली नाहीत.

मत देताना दरवेळी मला बाबांचा चेहरा दिसतो. हे तुला खोटं वाटेल.

त्या कचेरीत सगळ्यांना विचारत होते, दुसऱ्या गावी कुणी म्हातारे नातेवाईक आहेत का, मोटारीची सोय करू. मला खरंच फक्त तो चढ आठवला. आणि आई आठवली, मोटारीत बसून राणीसारखा हात हलवणारी.

तीन वाक्यं म्हणालीस. बोलेन.

अर्नी


रेडिंग
४ मार्च १९५२

प्रिय ताई,

सुखरूप पोचलो. स्टेशनवर तुझ्याशी नीट बोलता आलं नाही, गाडी उभीच होती.

पण काम झालं! हेस्लॉपनं माझा हात हातात घेऊन सांगितलं की काही काळजी करू नकोस, राल्फच्या वेळी निशाणही येईल आणि बँडही. सगळ्यांचे डोळे ओले झाले होते. लोक चांगले आहेत गं, त्यांना फक्त समजावून सांगावं लागतं. खूप हलकं वाटतंय.

बाबांनी माझा चेहरा दोन्ही हातांनी धरला होता, ते तू पाहिलंस ना?  

त्यांना जप.

तुझा,
अर्नी


थॉर्नहोप
३० मार्च १९५२

अर्नी,

बाबा सोमवारी पहाटे गेले. गुरुवारी पुरलं. तुला तार केली नाही. मुद्दामच केली नाही.

आता सगळं क्रमानं ऐक.

तू गेल्याच्या दुसऱ्या दिवशी बेला टुलिप कस्टर्ड घेऊन आली. चार महिन्यांनी. मला मिठी मारून म्हणाली, "अगं, आधी का नाही सांगितलंस? आम्हाला काय कल्पना!" मला वाटलं, माझ्या भावानं पाठीचा कणा दाखवला. मनातल्या मनात मी तुझी माफी मागितली. मग बेला बाबांच्या खाटेशी गेली आणि लहान मुलाशी बोलावं तसं मोठमोठ्यानं म्हणाली, "राल्फकाकाऽ! कस्टर्ड आणलंय! गोऽड गोड!"

बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

संध्याकाळी हेस्लॉप आला. टोपी हातात. तोही मोठ्यानं, एकेक शब्द सुटा करून, "काका, मी टॉमी. ओळखलंत का?" मला बाजूला घेऊन म्हणाला, "अर्नीनं सभेत सगळं सांगितलं. वर्षभरापासून डोकं ठिकाणावर नाही त्यांचं, त्या दिवशी मोटार कुणाची हेही कळलं नाही. पोरगा रडत होता गं सांगताना. आमचंच चुकलं, वेड्या माणसावर राग धरला."

तीन वाक्यं सांगितली होती तुला. त्यांच्या बदल्यात तू ही बोललास. आणि तुला हलकं वाटलं.

मी तोंड उघडणार होते. पण बाबांना सगळं ऐकू आलं होतं. खाटेवरून त्यांनी हाक मारली, "कोण, जिमी का? ये, ये. आज खाली पाणी फार होतं ना?" जिमी म्हणजे हेस्लॉपचा बाप, आपण लहान असताना खाणीत मेलेला. हेस्लॉपच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. त्यांचा हात थोपटून तो गेला.

दार लागलं तसे बाबा म्हणाले, "टॉमीच्या उजव्या बुटाची टाच झिजलीय, त्याला कुणीतरी सांगा." आणि म्हणाले, "अर्नीला दुसरं काय सुचणार होतं? पोरगं वाचलं, बरं झालं."

त्यानंतर तीन आठवडे ते वेड्याचं सोंग करत राहिले. ज्या माणसानं हेस्लॉपला पहिलं भाषण लिहून दिलं, मालकांच्या वकिलाला भर बैठकीत आकड्यांत पकडलं, तो माणूस शेजारणींच्या हातून कस्टर्ड भरवून घ्यायचा आणि मुद्दाम हनुवटीवर ओघळू द्यायचा. लोक येत राहिले. घर पुन्हा माणसांनी भरलं. फक्त मॅटीकाकाला पुढच्या दारानं येता येईना, लोक असायचे. तो अंधार पडल्यावर मागून यायचा, आणि तेवढा वेळ बाबा शहाणे व्हायचे. शेवटच्या रात्री मॅटीकाकाच होता. दोघं त्या मेलेल्या पोरीबद्दल बोलत होते, मॅटीकाकाच्या. बाबांना तिचं नाव आठवत होतं. विनी.

गुरुवारी निशाण आलं. काळी पट्टी बांधलेलं, अख्ख्या गल्लीत वाऱ्यानं फुगलेलं. मागं बँड. दोन्ही बाजूंनी माणसं टोप्या काढून उभी. बाबांना जे हवं होतं ते सगळं दारात होतं. हेस्लॉप पुढं येऊन म्हणाला, "भोळं होऊन गेलं बघ म्हातारं, देवाच्या लेकरासारखं." आणि हळूच, "मॅटी मागच्या दारात आहे असं कळलं. त्याला सांग, निशाणामागं संपफोड्या चालणार नाही."

अर्नी, मी आईची शपथ मोडलेली नाही. तुझं नाव मी घेतलं नाही. मी एवढंच म्हणाले, "टॉमी, माझा बाप शेवटच्या श्वासापर्यंत शुद्धीत होता. तुझ्या उजव्या बुटाची टाच झिजलीय, हे तू त्याला 'ओळखलंत का' म्हणून विचारलंस त्याच दिवशी त्यानं पाहिलं."

त्याला आधी वाटलं, मी दुःखानं बडबडतेय. त्यानं खांद्यावर हात ठेवला. मी तो काढला. मग त्यानं पायाकडे पाहिलं. त्याचा चेहरा बदलला. म्हणाला, "मग त्या दिवशी मोटारीत शुद्धीतच बसला होता का तो? नीट विचार करून बोल, हिल्डा."

मी म्हटलं, "शुद्धीत होता."

सगळी गल्ली ऐकत होती. हेस्लॉपनं निशाणवाल्यांना खूण केली. कापड गुंडाळताना काठ्या एकमेकींवर आपटल्या, तेवढा आवाज झाला. बँडवाले टोप्या घालून निघाले. दारं लागली. बेलाचंही.

बाबांनी तुझ्यासाठी आपलं डोकं देऊन टाकलं होतं. पण त्याच्याशिवाय त्यांना पुरायचं मला जमलं नाही. त्यांना हे आवडलं नसतं. माहीत आहे मला. रात्री उशीत तोंड खुपसून तेच सांगते त्यांना, की बाबा, तुमचं निशाण मी घालवलं.

मग प्रश्न आला खांद्यांचा. पेटी उचलणारे सगळे युनियनचे होते, ते गेलेले. मॅटीकाका पुढं झाला. मयताचं सामान पुरवणाऱ्याचा एक माणूस होता. पर्सी लिडल लांब कोपऱ्यावर उभा होता, तो आपण होऊन आला. इथं बायका बापाच्या पेटीला खांदा देत नाहीत. चौथा खांदा मी दिला. फार जड नव्हते रे. चढ मात्र तोच होता, शाळेवरून जाणारा.

तुझी जागा होती ती. आता भरलेली आहे.

बाबांनी सांगून ठेवलंय की अर्नीसाठी दार उघडं ठेव. त्यांचा शब्द आहे, दार मी उघडं ठेवीन. कधीही ये, चुलीपाशी बस, चहा पुढ्यात येईल. पण मी तुझ्याशी बोलणार नाही. मत तू कुणालाही दे. मी बोलणार नाही ते त्यासाठी नाही, बाबांना वेडं ठरवलंस त्यासाठी. बाबांना जे तुझ्या बाबतीत करवलं नाही ते मला करवतं, हे या तीन आठवड्यांत मला कळलं. हे माझं शेवटचं पत्र.

मॅटीकाका समोर बसलाय. मी काय लिहितेय ते त्यानं ओळखलंय. मघापासून म्हणतोय, "नको पोरी. मी त्यातनं गेलोय. माणूस मरत नाही त्यानं, नुसता राहतो. नको टाकूस ते पत्र." नेहमी टपाल तोच नेतो. आज उठत नाही, पायांत बूटसुद्धा घालत नाही.

म्हणून माझी मीच निघाले आहे.

हिल्डा नॅट्रस